मलाकीवरचं गाणं

माझे सासरे कोलमन हेनेगन गाणी रचायचे. पोट भरायला शेती होती, चार गाई होत्या, डोंगरावर थोडी मेंढरं होती. पण आमच्या नॉकनाबो गावात कुणालाही विचारलं असतं तर 'गाणी रचणारा कोलमन' एवढीच त्यांची ओळख सांगितली असती. कुणी फादरच्या प्रवचनात घोरलं, कुणाचं धुराडं पेटलं, कुणी बाजारात गाय विकायला नेली आणि बोकड घेऊन परत आलं, की आठवड्याभरात त्यावर गाणं तयार. लोक हसायचे आणि जरा भिऊनही असायचे. हे घराण्यातच होतं. सासऱ्यांच्या आजोबांनी म्हणे एका कोठारातले सगळे उंदीर नुसतं कडवं म्हणून पलीकडच्या परगण्यात धाडले होते.

मी त्या पलीकडच्या परगण्यातली. लग्न होऊन आले त्या दिवशी सासऱ्यांनी मला चुलीपाशी बसवलं आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "पोरी, आमचे उंदीर तुमच्याकडे आले होते. कसे आहेत?"

मी म्हटलं, "मजेत आहेत. परत जायचं नाव घेत नाहीत."

तेव्हापासून त्यांचं माझं जमलं ते शेवटपर्यंत. मलाकी फाहीवरचं गाणं मी त्यांच्याच तोंडून शिकले. ते असं होतं:

नवा कोट नि नवी टोपी, बुटांना मारून चकाकी,
पोरगी बघाया डोंगरापल्याड निघाला आमचा मलाकी.

रस्ता लांबचा, झिजतील टाचा, हिशेब केला मनात,
आडवाट धरली, पाय टाकला दलदलीच्या रानात.

एक पाय गेला, दुसरा गेला, कंबर गेली खाली,
'आई गं, धाव गं' हाक त्याची सात गावांत आली.

शेळीच्या दाव्यानं ओढला वर, डांबरासारखा काळा,
पोरगी म्हणते, 'दार लावा, सैतान दारी आला.'

आणखीही कडवी होती, पण लोकांच्या तोंडी बसली ती ही. मलाकी तेव्हा पंचविशीचा होता. सासऱ्यांचा जिवाभावाचा मित्र. शाळेत एका बाकावर बसलेले, दलदलीत टर्फ, म्हणजे चुलीत जाळायची माती, कापायला शेजारी शेजारी उभे राहिलेले. पण सासऱ्यांनी हे गाणं स्वतःच्या लग्नात, भरल्या घरात म्हटलं, आणि मलाकी हातातला पेला खिडकीत ठेवून मधेच उठून गेला. त्यानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. डेअरीवर दुधाची कॅन घेऊन एका रांगेत उभे राहात, रविवारी चर्चमध्ये पुढं-मागं बसत, जत्रेत एकाच गुरांच्या व्यापाऱ्याशी घासाघीस करत, पण शब्द नाही. मलाकीचं लग्न झालंच नाही. शाळेची पोरं त्याच्या मागून 'आई गं, धाव गं' करत पळायची, ती पोरं मोठी झाली, त्यांची पोरं तेच करू लागली. मलाकी मागं वळून बघत नसे.

सासरे गेले तेव्हा तो अंत्यदर्शनाला आला. शवपेटीपाशी गुडघे टेकून बसला, बराच वेळ बसला, आणि उठून कुणाशी न बोलता निघून गेला. चहासुद्धा घेतला नाही. सासूबाईंना ते फार लागलं. "मेलेल्या माणसावरसुद्धा राग," त्या म्हणाल्या. "एवढा ताठा बरा नव्हे."

याला दोन वर्षं झाली आणि मग डब्लिनहून तो माणूस आला.

डेव्हेनी नाव त्याचं. तरुण, चष्मा लावणारा, बोलायला गोड. खेडोपाडी फिरून जुनी गाणी, गोष्टी, नवस-तोडगे गोळा करायचा. त्याच्या गाडीत एक यंत्र होतं. त्यात माणसाचा आवाज साठवून ठेवता येई आणि पुन्हा वाजवता येई. आमच्याकडे तेव्हा वीजसुद्धा नव्हती, ते यंत्र गाडीतल्या बॅटरीवर चालायचं. गावातल्या पबमध्ये त्यानं दोन दिवस काढले. सगळ्यांनी त्याला मलाकीवरचं गाणं म्हणून दाखवायचा प्रयत्न केला, आणि प्रत्येकाचं चौथ्या कडव्यापुढं अडलं. शेवटी कुणीतरी त्याला आमच्या घरची वाट दाखवली.

सासूबाईंनी त्याला बसवलं, सोड्याचा पाव कापून लोणी लावून दिलं, त्याची आई कुठली, आजोळ कुठलं ते सगळं काढून घेतलं. मग म्हणाल्या, "येतं मला सगळं गाणं. पण आज नाही म्हणणार. रविवारी प्रार्थना आटोपली की या. त्याआधी मला एका माणसाला विचारायचं आहे."

तो गेल्यावर माझा नवरा फेस्टी म्हणाला, "कुणाला विचारणार? मलाकीला? आई, तो दारात तरी उभं करील का तुला?"

"जिवंत माणसावरचं गाणं आहे," सासूबाई म्हणाल्या. "इथं म्हटलं तर वाऱ्यावर गेलं. त्या यंत्रात गेलं की डब्लिनला जाणार, तिथून कुठं कुठं जाईल देव जाणे. त्याला न विचारता ते मी करणार नाही. तोंडावर फोड उठायचे माझ्या."

फोडांवर त्यांचा खरोखर विश्वास होता. खोटं कडवं म्हणणाऱ्याच्या जिभेवर किंवा गालावर फोड येतो, असं आमच्याकडे म्हणतात. सासऱ्यांना आयुष्यभरात कधी आला नाही, त्याचं कारण सासूबाई सांगायच्या: "त्यांना बघून फोडच घाबरायचा."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी मलाकीकडे गेलो. रस्त्यानं गेलो, दलदलीतून नाही. मार्च महिना होता, बटाटे लावायचे दिवस. मलाकी दारापाशी स्टुलावर बसून बियाण्याचे बटाटे कापत होता. एका बटाट्याचे दोन-तीन तुकडे, प्रत्येकात एक डोळा राहील असे. उंच, हडकुळा म्हातारा, टोपी कानांपर्यंत ओढलेली.

"मलाकी," सासूबाई म्हणाल्या.

"सबीना," तो म्हणाला. माझ्याकडं बघून मान हलवली. आत या म्हणाला नाही, जा म्हणाला नाही.

सासूबाईंनी इकडंतिकडं पाहिलं, भिंतीजवळची पालथी बादली ओढली, तिच्यावर बसल्या आणि बाजूचा दुसरा चाकू उचलून बटाटे कापायला लागल्या.

मग मलाकी म्हणाला, "तुकडे मोठे कापतेस. बियाणं वाया जातं."

"तुझे बारीक होतात. त्यातून बटाटा नाही, वाटाणा येईल."

त्याचे तुकडे मग जरा मोठे व्हायला लागलेले मी पाहिले.

"डब्लिनहून माणूस आलाय," सासूबाई म्हणाल्या.

"ऐकलं."

"त्याला कोलमनची गाणी हवीत."

"कुठलं हवंय ते सांगू नकोस."

"सांगायला नाही, विचारायला आलेय. तू नाही म्हण, मी तोंड उघडणार नाही. त्याला दुसरी चार गाणी देईन आणि वाटेला लावीन."

मलाकीनं चाकू मांडीवर ठेवला. "सगळं येतं तुला?"

"सगळं."

"म्हण मग."

"इथं?"

"इथंच. मी ते नीट एकदाही ऐकलेलं नाही. तुमच्या लग्नात अर्ध्यातून उठलो. नंतर ऐकलं ते पाठीमागून, तेही पोरांचं. ती पोरंसुद्धा धड म्हणत नाहीत."

सासूबाईंनी हात एप्रनला पुसले आणि हलक्या आवाजात गाणं म्हटलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत. ज्याच्यावर रचलंय त्याच्या तोंडावर म्हणणं सोपं नव्हतं; 'आई गं'शी त्यांचा आवाज जरा दबलाच. मलाकी डोंगराकडं बघत बसला होता. संपल्यावर म्हणाला, "चांगलं आहे. लबाड होता, पण रचायचा चांगलं. 'बुटांना मारून चकाकी' हे मला कधी जमलं नसतं."

"मग म्हणू रविवारी?"

"त्यात एक गोष्ट खोटी आहे."

"कुठली?"

"'आई गं' मी म्हणालो नव्हतो."

मला हसू येत होतं, ते मी शालीत दडवलं. सासूबाईंना मात्र राग आला. "एवढ्यासाठी? मलाकी फाही, एका 'आई गं'साठी तू माझ्या नवऱ्याशी जन्मभर बोलला नाहीस?"

"तसं नाही गं." त्यानं एक बटाटा हातात फिरवला. "आधी वाटलं, तो येईल आणि म्हणेल, अरे, चेष्टा होती. तो आला नाही. त्याला वाटलं असेल मी येईन. मीही गेलो नाही. मग ती सवयच पडली. सवय मोडायची कशी, ते कुणी शिकवत नाही."

"आणि ती मुलगी? जिला बघायला चालला होतास?"

"तिचं काय. गाण्यामुळं मोडलं असं लोक म्हणतात, मी पण म्हणू दिलं. खरं म्हणजे तिला मी आवडलोच नव्हतो. तिनं आधीच निरोप धाडला होता, तो मला पोचला दुसऱ्या दिवशी."

सासूबाई नुसत्या कापत राहिल्या.

उठताना मलाकी म्हणाला, "म्हण तू रविवारी. माझी हरकत नाही. पण ज्याच्यावर गाणं रचलं त्याला उत्तर द्यायचा हक्क असतो. जुनी रीत आहे."

"आहे. तुझ्याकडं उत्तर आहे?"

"आहे."

"म्हणून दाखव."

"रविवारी," तो म्हणाला आणि बटाट्यांची टोपली उचलून आत गेला.

तो आठवडा आमच्या घरात कुणाला गोड गेला नाही. फेस्टीला कळलं तेव्हा तो पिसाळला. "बाबांच्या चुलीपाशी उभा राहून तो बाबांना शिव्या घालणार आणि ते यंत्र सगळं साठवून ठेवणार? मेलेल्या माणसाला उलट उत्तर देता येतं का?"

सासूबाई म्हणाल्या, "त्याला तरी देता आलं होतं का? इतकी वर्षं आपण त्याला ऐकवलं, आता एक दिवस आपण ऐकू."

असं बोलल्या खऱ्या, पण त्यांनी त्या आठवड्यात दोनदा पाव जाळला. शनिवारी मला म्हणाल्या, "डीलिया, त्यानं काही वाईट म्हटलं तर तू फेस्टीचा हात धर. मी माझं बघते."

रविवारी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. अर्धं गाव आत, अर्धं दारापाशी. डेव्हेनीनं गाडी खिडकीशी उभी केली, तारा आत ओढल्या, मेजावर यंत्र मांडलं. कोंबड्यांना हाकलून दार लावून घेतलं, तरी एक कुठून तरी आत आलीच, आणि तिचं कॉक्-कॉक् अजूनही त्या टेपवर आहे म्हणतात. मलाकी सगळ्यांच्या शेवटी आला. धुतलेला सदरा, काळा कोट. लोकांनी वाट करून दिली. फेस्टी भिंतीशी हाताची घडी घालून उभा होता, मी त्याच्याजवळ.

सासूबाईंनी गाणं म्हटलं. मलाकी समोर असल्यामुळं कुणी मोकळेपणी हसेना, पण 'सैतान दारी आला'ला कुणाला आवरलं नाही. मलाकीच्याही मिशीखाली हसू हललं. संपल्यावर डेव्हेनी यंत्र बंद करायला वाकला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "थांबा. अजून आहे."

मलाकी पुढं आला. टोपी काढली, ती कुठं ठेवावी त्याला कळेना, शेवटी माझ्याकडं दिली. डोळे मिटले. पण आवाजच फुटेना. त्यानं चार माणसांत कधी गाणं म्हटलंच नव्हतं. तेव्हा सासूबाई खुर्चीवरून उठल्या, त्याच्या बाजूला उभ्या राहिल्या आणि त्याचा हात हातात घेतला. आमच्याकडं गाणाऱ्याला धीर द्यायला तसा हात धरतात, आणि गाण्याच्या चालीबरोबर तो हळूहळू फिरवतात, जात्याच्या खुंट्यासारखा. सासूबाईंनी हात फिरवायला सुरुवात केली, आणि त्या फिरण्याबरोबर मलाकीचा आवाज निघाला. बारीक, थरथरता, पण सुरात.

ऐका हो मंडळी, गाणं नामी, पण अर्धंच तुम्हां कळलं,
बुडत्या मलाकीला काढणाऱ्याचं नाव कुणी हो गाळलं?

दावं नव्हतं नि शेळी नव्हती, दलदल तेवढी होती,
पोटावर पालथा कोलमन पडला, विजार काढून हाती.

एक टोक त्याच्या मुठीत होतं, एक माझ्या दातांत,
'सुटू नको तू, सोडत नाही मी,' ओरडला भर वाऱ्यात.

मी आलो वर, विजार राहिली दलदलीच्या पोटी,
कुंपणामागून घरी तो गेला, सदऱ्यास नव्हती लांबी मोठी.

इथं हशाचा असा लोट उठला की मलाकीला थांबावं लागलं. पबवाला हेनी खुर्चीच्या पाठीवर डोकं टेकून रडत होता हसून हसून. सासूबाईंनी मात्र हात सोडला नाही, फिरवायचाही थांबवला नाही. त्या मलाकीच्या तोंडाकडं बघत होत्या. शांत झाल्यावर त्यानं शेवटचं कडवं म्हटलं:

'आई गं' नाही म्हणालो मी, सांगतो छाती ठोकून,
'कोलमन' म्हणून हाक दिली, नि आला तो सगळं टाकून.

यानंतर कुणी हसलं नाही. ती कोंबडी तेवढी बोलत होती. मी फेस्टीचा हात धरला होता, पण तो धरायची वेगळीच गरज पडली. तो तोंड फिरवून चुलीतल्या टर्फकडं बघत होता.

सासूबाई म्हणाल्या, "ते तुझ्याबरोबर होते?"

"बरोबर होता," मलाकी म्हणाला. "एकट्यानं पोरगी बघायला जायची मला लाज वाटत होती, म्हणून तो निघाला सोबत. तुमचं लग्न ठरलेलं होतं, त्याला या कामातला अनुभव होता असं तो म्हणायचा. जवळची वाट पण त्यानंच काढली. मी कमरेपर्यंत गेलो तेव्हा आजूबाजूला काठीसुद्धा नव्हती. फेब्रुवारीतली थंडी होती, सबीना. तो पोटावर सरकत आला. मी म्हटलं, तू पण जाशील, मागं हो. तो म्हणाला, गप्प बस, नाहीतर तुझ्यावर गाणं रचीन."

"आणि रचलंच," दारातून कुणीतरी म्हणालं.

"रचलं. मी विजारीची गोष्ट गावात सांगेन, त्याआधी त्यानं माझी सांगून टाकली. स्वतःला त्यातून काढून टाकलं पार. मला राग आला तो याचा, की ज्यानं माझा जीव वाचवला त्यालाच मला गाण्यात बघता येईना. मग मी हे रचायला घेतलं. दूध काढताना एकेक ओळ. फार वर्षं लागली, मला त्याच्यासारखं येत नाही. पुरं झालं तेव्हा म्हटलं, आता जातो आणि त्याच्या तोंडावर म्हणतो. तेवढ्यात तुमच्याकडून निरोप आला, तो गेल्याचा. म्हणून त्या दिवशी शवपेटीपाशी मनातल्या मनात म्हटलं सगळं. चहा घ्यायला थांबलो असतो तर रडलो असतो."

सासूबाई खाली बसल्या. जरा वेळानं त्यांचे खांदे हलायला लागले. मी धावले, वाटलं रडताहेत. त्या हसत होत्या.

"ती विजार," त्या म्हणाल्या. "अरे, ती लग्नासाठी शिवलेली विजार होती. त्यांनी त्यांच्या आईला सांगितलं, कुंपणावर वाळत घातली होती, ती 'भली मंडळी' घेऊन गेली. टेकडीत राहणाऱ्या त्या अदृश्य मंडळींचं नाव काढल्यावर कोण विचारणार? माझ्या सासूनं तेव्हापासून वाळत घातलेल्या प्रत्येक कपड्यावर लोखंडी चिमटा ठेवायला सुरुवात केली, मंडळींनी हात लावू नये म्हणून. मला शिकवलं. मी या पोरीला शिकवलं."

खरंच होतं ते. लग्न झाल्यापासून दर सोमवारी मी चुलीतला जड चिमटा बाहेर नेत होते आणि फेस्टीच्या विजारींवर ठेवत होते. पावसात गंजून त्याचे डाग विजारींना पडायचे, ते मी पुन्हा धूत होते. ती मंडळी आहेत का नाहीत यावर मी काही बोलणार नाही, बोलू नये. पण त्या एका गोष्टीत त्यांचा काही दोष नव्हता.

डेव्हेनीनं विचारलं की ही दोन गाणी म्हणून लिहू का एक. सासूबाई आणि मलाकी एकदम बोलले. त्या म्हणाल्या एक, तो म्हणाला दोन. त्यावरून त्यांचं जे भांडण लागलं ते चहा होईपर्यंत चाललं. त्या भांडणात मलाकीनं तीन कप चहा घेतला आणि अर्धा पाव खाल्ला.

त्यानंतर मलाकी दर रविवारी दुपारी यायला लागला. लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं. पबवाल्या हेनीनं तर फेस्टीला विचारलं, नव्या वडिलांसाठी खोली काढली का. तसलं काही नव्हतं. मलाकीजवळ एक गोष्ट होती, जी गावात दुसऱ्या कुणाजवळ नव्हती: लग्नाआधीचा कोलमन. शाळेत मास्तरच्या घंटेत लोकर भरणारा, पाद्र्याच्या घोड्याला उलटं खोगीर घालणारा, वडील गेल्यावर दोन महिने एक शब्द न बोललेला. सासूबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. नवऱ्याबरोबर सगळा जन्म काढला, आणि तो गेल्यावर त्याची पहिली पंचवीस वर्षं त्यांना थोडी थोडी मिळत होती. कधी त्या हसायच्या, कधी ऐकून गप्प व्हायच्या आणि मग मला म्हणायच्या, "मला सांगायला काय झालं होतं त्या माणसाला?" पण रागानं नव्हे.

मी एकदा विचारलं, "आई, मलाकी हे सगळं खरंच सांगतो कशावरून?"

"थोडं रचतो," त्या म्हणाल्या. "परवा म्हणाला, कोलमननं जत्रेत अस्वलाशी कुस्ती केली. इथं अस्वल कुठलं?"

"मग तुम्ही काही बोलत का नाही?"

त्या परातीतलं पीठ मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "अजून शिकतोय तो. बरं जमायला लागलंय."

बाहेर फाटक वाजलं. त्यांनी पिठाचे हात झटकले आणि दाराकडं न बघताच किटली चुलीवर सरकवली.